एका राज्याचा कचरा दुसऱ्या राज्यात : नकार देण्याचा अधिकार कोणाला असावा?

डेलावेअरकाठ | शनिवार, रात्री ९.१२

सोळा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत राहायला आलो, तेव्हापासून नोकरीनिमित्त ट्रेन्टनजवळचा डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडणे हा माझा नित्यक्रम आहे. पुलावरून पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला जाणारे, वरून ताडपत्री घट्ट बांधलेले लांबलचक ट्रक रोज दिसत. परंतु त्यांत काय असते हे विचारावेसे मला कधी वाटले नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक गावपालिकेच्या, सभेत कचऱ्याच्या कंत्राटाचा विषय निघाला. दर मंगळवारी रात्री मी घराबाहेर ठेवतो तो डबा रिकामा झाल्यावर त्यातला कचरा नदीपलीकडच्या दुसऱ्या राज्यात पुरला जातो, हे मला तेव्हा प्रथमच कळले. त्यानंतर या विषयावर जे वाचले, ते येथे मांडावे आणि जाणकारांचे मत घ्यावे, यासाठी हा धागा काढत आहे.

१९७० च्या दशकात चित्र नेमके उलटे होते. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या बाजूचा कचरा तेव्हा न्यू जर्सीतल्या खासगी क्षेपणभूमींवर (कचरा पुरण्याच्या जागांवर) येऊन पडत असे. आपल्या राज्यातली जागा संपत चालली आहे आणि पर्यावरणाची हानी होत आहे, असे सांगून न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १९७३ मध्ये कायदा केला आणि राज्याबाहेर निर्माण झालेला किंवा गोळा केलेला बहुतेक सर्व कचरा आत आणण्यास मनाई केली. क्षेपणभूमींचे मालक आणि त्यांच्याशी करार केलेली बाहेरची शहरे न्यायालयात गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून १९७८ रोजी, सात विरुद्ध दोन अशा बहुमताने, तो घटनाबाह्य ठरवला. राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिला आहे. कचऱ्याला किंमत नसली तरी त्याची वाहतूक हा व्यापारच आहे. आणि केवळ तो सीमेपलीकडून आला एवढ्याच कारणाने राज्याला त्याच्याशी भेदभाव करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यू जर्सीतला कचरा आणि फिलाडेल्फियातला कचरा यांच्या घातकपणात काहीच फरक नव्हता, हे राज्यालाही नाकारता आले नाही.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिले. त्याच्या शेवटी त्यांनी जे म्हटले, ते वाचून मी बराच वेळ थांबलो. त्याचा आशय असा की, आज पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमधल्या शहरांना आपला कचरा न्यू जर्सीत पाठवणे सोयीचे वाटत आहे. उद्या न्यू जर्सीतल्या शहरांना तो त्या राज्यांत पाठवावासा वाटेल, आणि तेव्हा घटनेचे हेच कलम न्यू जर्सीचे रक्षण करील. पुढे अगदी तसेच घडले. साधारण दशकभरातच न्यू जर्सी कचरा बाहेर पाठवणारे मोठे राज्य झाले, आणि ज्या निकालाने त्याला हरवले त्याच निकालाच्या आधारावर आज माझा डबा पुलापलीकडे जातो.

तरीही न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचे भिन्नमत मला सहजासहजी खोडून काढता येत नाही. एखाद्या राज्याला स्वतःच्या घाणीची कशीबशी व्यवस्था लावावी लागते, एवढ्यावरून त्याने इतर सर्व राज्यांच्या घाणीचे कोठार व्हावे असे ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

माझे आजोळ पुण्याजवळच्या फुरसुंगीचे. शेजारच्या उरुळी देवाचीच्या डेपोत पुणे शहराचा कचरा येत असे आणि दोन्ही गावांतील माणसे रस्त्यावर येऊन कचऱ्याच्या गाड्या अडवत असत. तिथे राज्याची सीमा आड येत नव्हती. पण मामा जो प्रश्न विचारत, तोच मला या निकालानंतरही उरलेला दिसतो : आम्हाला कोणी विचारले होते का? सरसकट बंदी असावी असे मला वाटत नाही. मात्र ज्या गावात कचरा येऊन पडणार आहे, त्या गावाची संमती कायद्याने आवश्यक असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

---

सस्क्वेहाना | शनिवार, रात्री ११.३५

धागाकर्त्यांचा डबा ज्या बाजूला जातो, त्या बाजूला मी राहते. म्हणून लिहिणे कर्तव्य समजते.

आमच्या गावापासून दीड मैलावर एक मोठी क्षेपणभूमी आहे. तिचे किंवा चालवणाऱ्या कंपनीचे नाव घेत नाही. उन्हाळ्यात हवा पडली की रात्री दोन-तीनच्या सुमारास असा वास येतो की झोपलेले माणूस उठून बसते. तक्रार करावी तर निरीक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, आणि तोवर वारा सुटलेला असतो. माझ्या मुलीला दम्याचा त्रास आहे. तो या वासामुळेच आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. पण तशा रात्री तिच्या खोलीची खिडकी बंद करताना मनात काय येते, ते सांगता येण्यासारखे नाही.

पेनसिल्व्हेनिया वर्षानुवर्षे देशात बाहेरचा कचरा सर्वाधिक घेणारे राज्य राहिले आहे, आणि त्यातला बहुतांश न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन राज्यांतून येतो. तरीही आमच्या गावात या विषयावर एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. राज्याच्या १९८८ च्या कायद्यानुसार क्षेपणभूमी ज्या गावाच्या हद्दीत आहे, त्या गावाला टनामागे किमान एक डॉलर मिळतो, आणि अनेक गावांनी वाटाघाटी करून त्याहून कितीतरी अधिक मिळवला आहे. शेजारच्या यजमान गावात अग्निशमन दलाची नवी गाडी, ग्रंथालयाचे छप्पर आणि घरपट्टीतली सवलत हे सारे त्याच पैशातून आले. कोळशाच्या खाणी बंद पडल्यानंतर या भागात दुसरे उत्पन्न उरले नव्हते. त्यामुळे सभेत ज्या शेजाऱ्याने क्षेपणभूमीच्या बाजूने हात वर केला, त्याच्यावर मला राग धरता आला नाही.

मात्र एक गोष्ट खटकते. पैसा मिळतो तो ज्या टाउनशिपच्या हद्दीत जागा आहे तिला. वास, ट्रक आणि धूळ मात्र हद्द पाहून थांबत नाहीत. आमचे घर त्या हद्दीच्या बाहेर, तिच्यापासून अवघ्या चारशे फुटांवर आहे.

---

न्यायप्रविष्ट | रविवार, सकाळी ८.०५

धागाकर्त्यांनी १९७८ च्या निकालाचा आशय अचूक मांडला आहे. मी पुण्यात वकिली करतो आणि अमेरिकेत वाणिज्य कायद्याचा अभ्यास केला आहे, म्हणून त्यापुढची साखळी सांगतो. त्या निकालानंतर राज्यांनी हात टेकले नाहीत. त्यांनी एकेक पळवाट शोधली आणि न्यायालयाने ती एकेक करून बुजवली.

अलाबामात सम्टर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) एमेल या ठिकाणी घातक कचऱ्याची देशातील एक अतिशय मोठी क्षेपणभूमी आहे. सम्टर ही बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीची गरीब काउंटी. बंदी घालता येत नाही म्हणून अलाबामाने बाहेरच्या राज्यात निर्माण झालेल्या घातक कचऱ्यावर टनाला ७२ डॉलरचे जादा शुल्क बसवले. १ जून १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले : धोका सारखाच असताना पाहुण्याला वेगळा दर लावता येत नाही. त्याच दिवशी मिशिगनचा कायदाही रद्द झाला. मिशिगनने राज्याचे नावच काढले नव्हते. प्रत्येक काउंटीला स्वतःच्या हद्दीबाहेरचा कचरा नाकारण्याची मुभा दिली होती, मग तो शेजारच्या काउंटीचा असो वा शेजारच्या राज्याचा. न्यायालय म्हणाले की, आपल्याच राज्यातल्या काही लोकांनाही दाराबाहेर ठेवले म्हणून परराज्यातल्यांशी केलेला भेदभाव धुऊन निघत नाही. १९९४ मध्ये ओरेगनची पाळी आली. तिथे राज्यातल्या कचऱ्यावर टनाला ८५ सेंट आणि बाहेरच्या कचऱ्यावर सव्वादोन डॉलर असा फरक होता. फरक लहान होता, तरी कायदा टिकला नाही.

याची दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे कचरा बाहेर जाऊ न देणे. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्क्सटाउन या गावाने एका खासगी ठेकेदाराकडून ट्रान्सफर स्टेशन (कचरा गोळा करून पुढे पाठवण्याचे केंद्र) बांधून घेतले आणि त्याला वर्षाला किमान १,२०,००० टन कचऱ्याची हमी दिली. ती पुरी व्हावी म्हणून गावातला सर्व कचरा तिथेच, टनाला ८१ डॉलर भरून, नेण्याची सक्ती केली. बाहेर दर कमी होता. मार्च १९९१ मध्ये एका व्यावसायिकाचा ट्रक हमरस्त्यावरच्या पुलाला धडकला आणि पोलिसांनी पाहिले तर आत इंडियानाकडे निघालेल्या कचऱ्याच्या गाठी होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये गाव हरले. परंतु २००७ मध्ये ओनायडा आणि हर्किमर या दोन काउंटींच्या प्रकरणात न्यायालयाने महत्त्वाचा फरक केला : सुविधा खासगी नसून सार्वजनिक मालकीची असेल, तर अशी सक्ती चालेल, कारण कचऱ्याची व्यवस्था लावणे हे स्थानिक शासनाचे परंपरागत काम आहे.

या सर्वांतून कायद्याची जी स्थिती शिल्लक राहते, ती अशी. खासगी क्षेपणभूमीला बाहेरचा कचरा घेऊ नकोस असे राज्य सांगू शकत नाही. मात्र आतल्या आणि बाहेरच्या कचऱ्यावर समान कर लावता येतो, समान सुरक्षा-नियम लावता येतात, ट्रकची तपासणी करता येते, नवीन क्षेपणभूमीला परवानाच नाकारता येतो, आणि क्षेपणभूमी स्वतःच्या मालकीची असेल तर मालक या नात्याने कोणाचा कचरा घ्यायचा हेही ठरवता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा अडसर केवळ राज्यांसाठी आहे. काँग्रेसने साधा कायदा करून राज्यांना नकाराचा अधिकार दिला, तर १९७८ चा निकाल आड येत नाही. इंडियानाचे सिनेटर डॅन कोट्स यांनी त्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले. १९९५ मध्ये सिनेटने असे विधेयक मोठ्या बहुमताने संमतही केले. पण ते कायद्यात उतरले नाही, आणि त्यानंतर काँग्रेसमध्ये आलेली विधेयकेही तशीच विरली.

म्हणून धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे आहे : अधिकार देता येतो. तो आजवर दिला गेलेला नाही.

---

स्थापत्य_७२ | रविवार, सकाळी ११.५०

मी स्थापत्य अभियंता आहे आणि बावीस वर्षांपैकी निम्मी वर्षे क्षेपणभूमींच्या आरेखनात घालवली आहेत. सस्क्वेहाना यांचा त्रास मी खोटा म्हणणार नाही. तसा वास मी स्वतः घेतला आहे. परंतु राज्याच्या सीमेवर फाटक बसवण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे, आणि तो का, हे सविस्तर सांगणे मला भाग आहे.

कचरा एवढा लांब का जाऊ लागला, हे आधी पाहिले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या देशात सुमारे ८,००० क्षेपणभूमी होत्या. त्यांतल्या बहुतेक म्हणजे गावाबाहेरचे उघडे खड्डे होते. खाली अस्तर नाही, झिरपणारे काळे पाणी गोळा करण्याची सोय नाही, आणि शेजारच्या विहिरीत काय उतरते हे पाहायला कोणी नाही. १९९१ मध्ये ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेने नियम केले : तळाशी दाबून बसवलेला किमान दोन फुटांचा चिकणमातीचा थर आणि त्यावर प्लॅस्टिकचे अस्तर, झिरपणी गोळा करणाऱ्या नळ्या, भूजलाची नियमित चाचणी, आणि बंद झाल्यावरही तीस वर्षे देखभाल. लहान गावाला हा खर्च पेलणारा नव्हता. खड्डे धडाधड बंद झाले, आणि २००० नंतरच्या दशकात संख्या २,००० च्या आत आली. उरल्या त्या मोठ्या, दूरच्या, बहुतांशी खासगी आणि पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित. कचऱ्याचा प्रवास वाढला तो या सुधारणेच्या पोटी. उद्या प्रत्येक राज्याने दार लावून घेतले, तर न्यू जर्सीसारख्या दाट वस्तीच्या राज्यात पाणथळ जमिनीत पुन्हा कचरा भरला जाईल. फिलाडेल्फियाहून नदी ओलांडली की न्यू जर्सी लागते आणि पिट्सबर्ग तीनशे मैलांवर आहे. तरी कायदा म्हणेल की पिट्सबर्ग ‘आपले’ आणि नदीपलीकडचे ‘परके’. भूजलाला आणि वाऱ्याला ही रेषा माहीत नाही.

दारे बंद झाली की काय होते याचे उदाहरण १९८७ चे आहे. लाँग आयलंडवरच्या आयस्लिप गावाच्या क्षेपणभूमीत जागा उरली नव्हती. तिथला आणि न्यूयॉर्कचा मिळून ३,००० टनांहून अधिक कचरा ‘मोब्रो ४०००’ या बार्जवर (सपाट मालवाहू नौकेवर) चढवून मार्चमध्ये दक्षिणेकडे पाठवला गेला. नॉर्थ कॅरोलिनाने, त्यात रुग्णालयाचा कचरा असल्याच्या संशयावरून, तो उतरवू दिला नाही. लुइझियानाने नाकारला. मेक्सिको आणि बेलीझ यांनीही परतवून लावला. महिनोन्महिने समुद्रावर फिरून तो न्यूयॉर्कलाच आला, ऑक्टोबरच्या सुमारास ब्रुकलिनमध्ये जाळला गेला आणि त्याची राख अखेर आयस्लिपमध्येच पुरली गेली. प्रत्येकाने नकार दिला म्हणून कचरा नाहीसा झाला नाही. फक्त तो उघड्यावर अधिक दिवस राहिला.

माझ्या मते नियमन हवे ते दर्जाचे आणि किमतीचे. कचरा कुठून आला यावर नियमन नको.

---

डेट्रॉइटकर | रविवार, दुपारी २.२०

मिशिगनच्या अनुभवाशिवाय ही चर्चा अपुरी राहील. न्यायप्रविष्ट यांनी ज्या १९९२ च्या निकालाचा उल्लेख केला, ते प्रकरण सेंट क्लेअर काउंटीचे. ती काउंटी कॅनडाच्या सीमेला लागून आहे, आणि दहा वर्षांनी कचरा आला तोही सीमेपलीकडूनच.

टोरांटो शहराची कील व्हॅली ही क्षेपणभूमी २००२ च्या अखेरीस बंद झाली. उत्तर ओंटारियोतील एका जुन्या खाणीत कचरा भरण्याची योजना त्याआधीच लोकविरोधामुळे बारगळली होती. म्हणून २००३ पासून त्या शहराचा सगळा कचरा आमच्या वेन काउंटीतल्या क्षेपणभूमीत येऊ लागला. दिवसाला शंभराहून अधिक ट्रक आंतरराष्ट्रीय पूल ओलांडून येत. दुसऱ्या देशाचा कचरा रोखण्याचाही अधिकार राज्याला नाही हे लोकांना समजावणे कठीण जाई. पण परदेशी व्यापाराचे नियमनही घटनेने काँग्रेसकडेच ठेवले आहे.

हा प्रश्न सुटला तो न्यायालयात नव्हे. २००६ मध्ये मिशिगनच्या दोन सिनेटरांनी ओंटारियो सरकारशी बोलणी केली आणि तिथल्या नगरपालिकांचा घरगुती कचरा २०१० च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरले. टोरांटोने २००७ मध्ये ओंटारियोतच एक क्षेपणभूमी विकत घेतली आणि ठरल्याप्रमाणे आपले ट्रक थांबवले. दुकाने आणि कारखान्यांचा खासगी कचरा मात्र येतच राहिला, कारण तो करार त्यांच्यासाठी नव्हता.

स्थापत्य_७२ किमतीविषयी बोलतात, ते मला पूर्ण पटते. आमच्या राज्याचा अधिभार अनेक वर्षे टनाला केवळ ३६ सेंट होता. शेजारची काही राज्ये डॉलरांत आकारणी करत असताना आम्ही सेंटांत करत होतो, आणि मग ट्रक का येतात असे विचारत होतो. समान कर लावण्यास १९७८ चा निकाल कधीच आड आला नव्हता. पण समान कर म्हणजे आपल्याही मतदारावर कर, आणि ते धैर्य विधिमंडळाला होत नव्हते.

---

सह्याद्री_उतार | रविवार, रात्री १०.४५ (भारतीय वेळ)

मी सावंतवाडीत राहतो. अमेरिकेचा कायदा मला ठाऊक नव्हता. परंतु चर्चा वाचताना आपल्याकडची व्यवस्था आठवली आणि तुलना उपयोगी पडेल असे वाटले.

घातक कचऱ्याच्या बाबतीत भारतात संमतीची अट आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचरा अंतिम विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल, तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. तोच कचरा पुनर्वापरासाठी किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळण्यासाठी जात असेल, तर दोन्ही मंडळांना आगाऊ कळवणे पुरेसे असते. धागाकर्ते मागत आहेत ती संमती म्हणजे हीच. फक्त ती गावाची नसून राज्याच्या मंडळाची आहे.

साध्या घनकचऱ्याला मात्र अशी अट नाही. गोव्यातला पुनर्वापर न होणारा कोरडा कचरा कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातो, आणि नीट वर्गीकरण होऊन गेला तर त्यात दोन्ही राज्यांचा लाभच आहे. पण नियम असूनही काय घडू शकते, हे डिसेंबर २०२४ मध्ये दिसले. केरळमधल्या रुग्णालयांचा कचरा तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या गावांत रात्रीतून टाकलेला आढळला. राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण पीठाने तो तीन दिवसांत उचलण्याचा आदेश केरळला दिला, आणि केरळच्या अधिकाऱ्यांनी ट्रक आणून तो भरून परत नेला. आपल्या राज्याचा कचरा आपणच परत न्यावा, हा आदेश मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथे जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्याकडे परत गेली.

---

न्यायप्रविष्ट | सोमवार, सकाळी ७.३०

सह्याद्री_उतार यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. त्याला घटनात्मक कारणही आहे. आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३०१ ने देशभर व्यापार मुक्त ठेवला आहे. पण अनुच्छेद ३०४ ने राज्यांना लोकहितासाठी, राष्ट्रपतींची पूर्वमंजुरी घेऊन, वाजवी निर्बंध घालण्याची वाट लेखी स्वरूपात ठेवली आहे. अमेरिकेच्या घटनेत तसे वाक्यच नाही. तिथे राज्यांवरचे बंधन न्यायालयांनी काँग्रेसच्या अधिकारातून अनुमानाने काढले आहे, म्हणूनच ते सैल करायचे तर काँग्रेसकडेच जावे लागते.

---

डेलावेअरकाठ | सोमवार, रात्री ९.५०

सर्वांचे मनापासून आभार. स्थापत्य_७२ यांच्या प्रतिसादानंतर मी माझे मत तपासून पाहिले आणि त्यातला एक भाग बदलला. ‘राज्याची संमती’ ही कल्पना मी सोडून देतो. पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये, बसलेले विधिमंडळ सस्क्वेहाना यांच्या घराला विचारूनच सही करील, याची काही खात्री नाही. पण गावाच्या संमतीचा आग्रह मला सोडवत नाही.

२०१८ ची एक घटना सांगतो. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचा सांडपाण्याचा गाळ रेल्वेने अलाबामातल्या एका क्षेपणभूमीकडे जात असे. वेस्ट जेफरसन या गावाने न्यायालयातून मनाई आणली, तेव्हा गाळाने भरलेले डबे शेजारच्या पॅरिश या हजारेक वस्तीच्या गावात, मुलांच्या खेळाच्या मैदानालगत, दोन महिन्यांहून अधिक काळ उभे राहिले. पॅरिशमध्ये जमीनवापराचे नियमच नव्हते, म्हणून त्या गावाच्या हाती काही नव्हते. त्या गाळात माझ्या राज्याचाही वाटा होता. ही बातमी वाचली त्या दिवशी मला फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. एका गावाला वकील करता आला आणि दुसऱ्याला करता आला नाही, एवढ्या फरकावर घाण कुठे थांबेल हे ठरावे, हे मला मान्य होत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन येथे रसायनांची मालगाडी घसरली. तिथली दूषित माती बाहेर नेताना काही राज्यांनी नकार दिला, तेव्हा ईपीएने त्यांना पत्र पाठवून बजावले की परवानाधारक सुविधेकडे जाणारा कचरा केवळ तो कुठून आला यावरून अडवता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा न्यू जर्सीचा वाद आजही तितकाच जिवंत आहे, हे त्या पत्राने दाखवले. त्या मातीची सुरक्षित व्यवस्था कुठेतरी लागायलाच हवी होती, हेही मी मान्य करतो.

---

स्थापत्य_७२ | मंगळवार, सकाळी ६.४०

गावाच्या संमतीला माझा विरोध नाही. एक दुरुस्ती सुचवतो : संमती परवाना देताना आणि विस्ताराच्या वेळी घ्यावी, प्रत्येक ट्रकसाठी नव्हे. आणि ‘गाव’ ठरवताना टाउनशिपची हद्द न पाहता ठरावीक अंतर धरावे, म्हणजे चारशे फुटांवरचे घर बाहेर राहणार नाही. क्षेपणभूमी एकदा बांधली की ती तीस-चाळीस वर्षे चालते. त्यामुळे खरा निर्णय आरंभीच होतो, आणि त्याच सुनावणीला सर्वांत कमी माणसे येतात, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून अनेकदा पाहिले आहे.

---

सस्क्वेहाना | मंगळवार, रात्री १०.१५

स्थापत्य_७२, आपला शेवटचा प्रतिसाद मी छापून घेतला आहे, कारण आमच्याकडच्या क्षेपणभूमीने विस्ताराचा अर्ज केला असून पुढच्या महिन्यात त्याची सुनावणी आहे.

१९८८ च्या आमच्या कायद्यात दोन तरतुदी आहेत, ज्या गावातल्या बहुतेकांना ठाऊक नाहीत. यजमान गावाला स्वतःचे प्रशिक्षित निरीक्षक नेमता येतात, आणि क्षेपणभूमीला लागून ज्यांची जमीन आहे त्यांच्या विहिरीच्या पाण्याची चाचणी कंपनीने करून द्यावी लागते. आम्ही अकरा कुटुंबे मिळून तीन मागण्या लेखी देणार आहोत : निरीक्षक रात्रीही उपलब्ध असावा, पाण्याची चाचणी एक मैलाच्या परिघातल्या सर्व घरांना मिळावी, आणि कोणत्या राज्यातून किती टन आले याचा तिमाही हिशेब ग्रंथालयात सर्वांना पाहण्यासाठी ठेवला जावा. अर्ज नाकारला जाईल अशी आशा मी धरलेली नाही.

डेलावेअरकाठ, आपल्या टाउनशिपच्या कंत्राटाची प्रत मिळवता आली तर कृपया पाठवा. आपल्याकडचा कचरा नेमका कुठे जातो हे त्यात लिहिलेले असले, तर आमच्या तिमाही हिशेबाची मागणी मांडताना त्याचा मोठा आधार होईल.

---

डेलावेअरकाठ | मंगळवार, रात्री ११.०२

उद्या सकाळीच टाउनशिप क्लार्ककडे माहितीचा अर्ज देतो. प्रत हाती आली की व्यक्तिगत निरोपातून पाठवीन. सुनावणीची तारीख आणि ठिकाण कळवा. मला बोलण्याचा अधिकार असेल की नाही ठाऊक नाही, पण कचरा पाठवणाऱ्यांपैकी एक जण तरी त्या सभागृहात बसलेला असावा, म्हणून मी येईन.